परवानगीचा कागद आणि मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय

हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत आजवर जे वाङ्मय निर्माण झाले, त्याचा एकवार एकत्र विचार व्हावा असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. आठवणी, चरित्रे, इतिहास, गौरवग्रंथ आणि स्मरणिका मिळून हे वाङ्मय आता थोडेथोडके राहिलेले नाही. १७ सप्टेंबर १९४८ या दिवसास पाऊणशे वर्षे उलटून गेली. त्या लढ्यात प्रत्यक्ष उभी राहिलेली माणसे बहुतेक निवर्तली. त्यांनी लिहून ठेवलेले तेवढे आमच्या हाती उरले. तेव्हा या लिखाणाकडे कृतज्ञतेने तर पाहावेच, परंतु परीक्षकाच्या दृष्टीनेही पाहावे, अशी वेळ आली आहे. ज्या ग्रंथाचे परीक्षण होत नाही, तो ग्रंथ हळूहळू पूजेचा होतो आणि पूजेचा झालेला ग्रंथ कोणी वाचीत नाही, हा अनुभव आम्हां मराठी वाचकांस नवा नाही.

हा विचार मनात पक्का होण्यास एक लहानसे निमित्त घडले. आम्ही नांदेडास अध्यापन करतो. गेल्या सप्टेंबरात आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आम्ही एक निबंध लिहावयास सांगितला. निजामाच्या राज्यात आपल्या पणजोबांस नेमके कोणते दुःख होते, एवढाच प्रश्न होता. बहुतेक सर्व मुलांनी रझाकारांचे वर्णन केले. जळलेली गावे, लुटलेली घरे, सरहद्दीवरचे कँप आणि अखेरीस भारतीय फौजांचे आगमन. यात खोटे काहीच नव्हते. परंतु रझाकारांचा अंमल म्हणून जो म्हणतात, तो फार तर दोन वर्षांचा. त्यापूर्वीच्या काळात या पणजोबांस काय सोसावे लागले, याविषयी एकाही निबंधात एक ओळ नव्हती. मुलांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे वाचले, जे भाषणांत ऐकले, तेच लिहिले. दोष शोधावयाचा तर तो आमच्या वाङ्मयात शोधला पाहिजे.

आमची आजी लातूरकडची. आम्ही मुले ओसरीवर थाळ्या बडवून मिरवणुकीचा खेळ मांडीत असू, तेव्हा ती आतून हाक मारी, “इजाजत काढली का रे?” आणि मग स्वतःच हसे. आम्हांस त्यातले मर्म त्या वयात कळत नसे. थाळी वाजविण्यास इजाजत कशाला, असे आम्हांस वाटे. पुढे या विषयाचे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की, आजीच्या तरुणपणीचे सगळे राज्यशास्त्र त्या तीन-चार शब्दांत साठविलेले होते. ज्या गोष्टीस भिऊन एक पिढी वागली, तिची दुसऱ्या पिढीस थट्टा झाली आणि तिसऱ्या पिढीस तिचा पत्ताही राहिला नाही.

ती इजाजत काय होती, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. हैदराबाद हे त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत आणि लोकसंख्येने सर्वांत मोठे संस्थान. त्यात सोळा जिल्हे. पैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. प्रजेत हिंदू बहुसंख्य. तेलुगू, मराठी आणि कानडी या तीन भाषा बोलणारी. राज्यकारभार मात्र उर्दूचा. या राज्यात सार्वजनिक सभा भरवावयाची तर आगाऊ परवानगी लागे. १९२९ च्या सुमारास निघालेले ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक याच कारणाने कुप्रसिद्ध झाले. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी. तालीम अथवा आखाडा चालवावयाचा तर परवानगी. नवे देऊळ बांधावयाचे, जुन्याची दुरुस्ती करावयाची, तर ‘उमूर-ए-मजहबी’ म्हणजे धर्मखात्याची परवानगी. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, वाद्ये कोठे थांबावीत, हेही अधिकारी ठरवी. हिजरी वर्ष चांद्र असून त्यास अधिक मास नसल्यामुळे मोहरम दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि काही वर्षांनी तो कोणत्या ना कोणत्या हिंदू सणावर येऊन पडतो. तसे झाले की त्या सणाच्या वाजंत्रीवर बंधन येई. परप्रांतातील कित्येक वर्तमानपत्रांस संस्थानात प्रवेश नसे.

यातील एकेक नियम सुटा घेतला तर तो फारसा भयंकर वाटत नाही, आणि खरी गोम तेथेच आहे. कोणी म्हणेल, सभेस परवानगी तर इंग्रजी मुलखातही प्रसंगी लागत असे. मिरवणुकीचा मार्ग तर आजही पोलीस ठरवितात. हे आम्हांस मान्य आहे. निजाम सरकारनेही स्वतःचा बचाव असाच केला होता: नियम सर्व जातिधर्मांस सारखे आहेत आणि त्यांचा हेतू शांतता राखण्याचा आहे, असे त्याचे म्हणणे असे. परंतु जेथे नियम कोणी केला हे विचारता येत नाही, परवानगी का नाकारली याचे कारण मागता येत नाही आणि नकाराविरुद्ध दाद मागावयाची तर ती नाकारणाऱ्याकडेच मागावी लागते, तेथे नियम कागदावर सारखा असण्याने काय साधते? कायद्याचे बंधन आणि मर्जीची परवानगी या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या तरी जातीने भिन्न आहेत. पहिलीत माणूस नागरिक असतो. दुसरीत तो अर्जदार असतो. मराठवाड्यातील एक-दोन पिढ्या अर्जदार म्हणूनच जन्मल्या आणि अर्जदार म्हणूनच म्हाताऱ्या झाल्या.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस येथे मिल्टनची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १६४३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ग्रंथ छापण्यापूर्वी परवाना घेतला पाहिजे असा हुकूम काढला आणि पुढच्याच वर्षी मिल्टनने त्याविरुद्ध आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. परवान्याने वाईट पुस्तके थांबत नाहीत, हा त्याचा एक मुद्दा होता. परंतु त्याच्या रागाचे मूळ अधिक खोल होते. विद्वान मनुष्याने आपले लिखाण एखाद्या सामान्य कारकुनापुढे शाळकरी पोराप्रमाणे घेऊन उभे राहावे, यात मनुष्यत्वाचाच अपमान आहे, असे त्यास वाटत होते. देवळाच्या गळक्या छपरासाठी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणारा कंधार वा औशाकडील पुजारी मिल्टन वाचलेला नव्हता, पण अपमान तोच होता.

आता या परवानगीचा जो दुसरा परिणाम झाला, तो आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. राजकीय सभा बंद, वर्तमानपत्र बंद, संघटना बंद. तेव्हा बोलावयाचे कोठे? अर्थात जेथे माणसे धर्माच्या निमित्ताने जमत, तेथे. गणेशोत्सव, कीर्तन, भजन आणि त्यांच्या जोडीस वाचनालये, हीच मराठवाड्यातील पहिली राजकीय व्यासपीठे ठरली. सरकारच्या हे ध्यानात येताच ते उत्सवांवर अधिक कडक नजर ठेवू लागले. आणि उत्सवांवर निर्बंध आले म्हणजे लोकांस ते धर्मावरचे आक्रमण वाटू लागले. याप्रमाणे नागरिकत्वाच्या मागणीस धर्माचा पोशाख प्रथम सरकारच्या निर्बंधांनीच चढविला. पुढे लोकांसही तो पोशाख अंगचाच वाटू लागला. ज्या मराठवाड्यात मोहरमच्या सवाऱ्या हिंदूंच्या घरीही बसत आणि दर्ग्याच्या उरसास सारा गाव लोटत असे, त्याच मराठवाड्यात शेजाऱ्याच्या मिरवणुकीकडे मोजमाप घेऊन पाहण्याची दृष्टी या परवान्यांनी उत्पन्न केली. एकाचा अर्ज मंजूर झाला की दुसऱ्यास तो आपल्यावरचा विजय वाटे.

आमच्या वाङ्मयाची कसोटी या मुद्द्यावर लागते. जो ग्रंथ पोशाख आणि देह यांतला भेद दाखवितो, तो आम्ही चांगला समजतो. जो पोशाखासच देह समजतो, तो कितीही ओजस्वी असला तरी वाचकांस फसवितो.

१९३७ ते १९३९ या तीन वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचावा. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि १९३८ साली दुसरे लातुरास. तेथे जमलेली मंडळी वकील, शिक्षक, व्यापारी अशी मवाळ वृत्तीची होती. शिक्षण मिळावे, सभास्वातंत्र्य मिळावे, कारभारात प्रजेस काही हात असावा, यापलीकडे त्यांच्या मागण्या फारशा गेल्या नव्हत्या. त्याच सुमारास हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरले. परंतु ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली. जन्मास न आलेल्या संस्थेस मृत्युदंड देणारे सरकार जगाच्या इतिहासात विरळाच सापडेल! २४ ऑक्टोबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला. नोव्हेंबरात औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली आणि शेकडो विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. त्यांपैकी अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. डिसेंबरात सोलापुरास लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या आरंभी आर्य समाजाचा मोठा सत्याग्रह सुरू झाला. यज्ञशाळा बांधण्यास व धर्मोपदेश करण्यास परवानगी लागू नये, ही त्याची मागणी. जुलै १९३९ मध्ये सरकारने काही सुधारणा जाहीर केल्या आणि ऑगस्टमध्ये तो सत्याग्रह थांबला.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह २४ डिसेंबर १९३८ रोजी, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, गांधीजींच्या सल्ल्यावरून तहकूब केला होता. राजकीय हक्कांचा लढा धार्मिक लढ्यात मिसळून जाईल आणि मग दोहोंचीही हानी होईल, ही भीती त्या सल्ल्यामागे होती. तुरुंगात बसलेल्या तरुणांस तो सल्ला कडू लागला असल्यास नवल नाही. एकाच वेळी, एकाच सरकारविरुद्ध, एकाच प्रकारच्या निर्बंधांसाठी दोन सत्याग्रह चालू होते. एक म्हणत होता आम्हांस नागरिक समजा, दुसरा म्हणत होता आमचा धर्म आम्हांस पाळू द्या. दोन्ही मागण्या न्याय्य होत्या. परंतु त्या एक नव्हत्या, हे ज्यास दिसते त्यासच पुढील दहा वर्षांचा अर्थ लागतो.

आता ग्रंथांकडे वळू. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. स्वामीजी संन्यासी, पण ते हिप्परगा आणि अंबेजोगाई येथे शिक्षकही होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यास शाळा चालवावयाची आहे त्यास परवानगीच्या राज्याचा खरा जाच कळतो. भगवी वस्त्रे घातलेला हा पुरुष धर्माच्या नव्हे, तर नागरिकत्वाच्या बाजूने उभा राहिला, यात त्याचे मोठेपण आहे. अनंत भालेराव हे लढ्यातील कार्यकर्ते आणि पुढे ‘मराठवाडा’ पत्राचे संपादक. ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील मराठीतील आधारग्रंथ होय. त्यावाचून या विषयाचा अभ्यास होऊ शकत नाही. नरहर कुरुंदकर हे आमच्या नांदेडचे. त्यांची जिज्ञासा घटनांच्या मागे असलेल्या राजकीय कल्पनांकडे धाव घेते आणि म्हणून ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या पुस्तकाचे वाचन बुद्धीस व्यायाम देणारे आहे. सेतुमाधवराव पगडी यांचे आत्मचरित्र ‘जीवनसेतु’ यांहून निराळे. निलंग्यास जन्मलेले पगडी निजामाच्या मुलकी खात्यात अधिकारी होते; म्हणजे परवानगीचे राज्य त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले. उर्दू-फारसी जाणणारा, गोंडी भाषेचा अभ्यास करणारा असा मराठी साक्षीदार आम्हांस लाभला, हे आमचे भाग्य.

या चौघांविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि निर्बंधांचा उल्लेख त्यांनी टाळला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमची तक्रार त्यांच्या मागून आलेल्या वाङ्मयाविषयी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेल्या स्मरणिका, गौरवग्रंथ आणि चरित्रे वाचावीत. त्यांत निर्बंध म्हणजे नाटकाची नांदी. सूत्रधार चार वाक्ये बोलतो आणि पडदा उघडून एकदम बंदुकीचा आवाज होतो. नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, लढ्यातील कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतली आणि लढ्यासाठी लाखो रुपये नेले, ही कथा प्रत्येक स्मरणिकेत असते आणि असावीही. धाडसाची कथा कोणास आवडत नाही? परंतु ज्या मास्तराने परवानगीअभावी शाळा बंद केली आणि घरी बसून चार मुलांस बाराखडी शिकविली, त्याची कथा कोठे आहे? तो तुरुंगात गेला नाही, म्हणून तो हुतात्मा नाही. मानपत्र नाही, म्हणून त्याचे चरित्रही नाही. वास्तविक पाहता त्या राज्याने जी हानी केली, तिचा मोठा भाग अशा माणसांनी सोसला. मुलांची एक पिढी मातृभाषेत धड शिकली नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि त्याने देशी भाषेतून उच्च शिक्षण देऊन दाखविले, हा त्याचा मान आम्ही काढून घेऊ इच्छीत नाही. परंतु ती देशी भाषा मराठी मुलाची नव्हती.

या नांदीस कमी लेखल्यामुळे पुढील अंकाचा अर्थही बिघडतो. १९४६ साली इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्षपद कासीम रझवीकडे आले. हा गृहस्थ लातुरास वकिली करीत असे. रझाकार हे या संघटनेचे स्वयंसेवक. त्यांचे अत्याचार हा इतिहास आहे आणि तो कोणी पुसू म्हणता पुसला जाणार नाही. परंतु आम्ही वाचकांस विचारतो की, ज्या राज्यात दहा पोरांच्या तालमीस परवाना लागे, त्याच राज्यात हजारोंच्या हत्यारबंद कवायतीस कोणाचा परवाना होता? परवानगीच्या राज्याचा शेवट असाच होतो. सर्वांस सारखा म्हणविणारा नियम एके दिवशी एका टोळीस लागू होईनासा होतो, आणि तोवर बाकीच्या प्रजेस विचारण्याची सवयच राहिलेली नसते. ही टोळी एका धर्माची होती. परंतु तिचे बळी एकाच धर्माचे नव्हते. हैदराबादेस ‘इमरोज’ पत्र चालविणारा तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा भर रस्त्यात खून झाला. त्याचे नाव आमच्या स्मरणिकांतून जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके येत नाही. ज्यांनी सारा लढा दोन धर्मांचा म्हणून रंगविला, त्यांस हा माणूस कोठे बसवावा हे कळत नाही.

आणि आता जी गोष्ट लिहिण्यास लेखणी अडखळते, ती लिहितो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आणि शहरांतून मुसलमान प्रजेवर सूड उगविण्यात आला. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींची समिती त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरली. तिचा अहवाल पुढे कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ सालच्या पुस्तकात तो वाचकांसमोर आला. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज. सर्वांत अधिक होरपळलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातुरात सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे पळून गेले, असे तिने नमूद केले. रझाकारांचे अत्याचार आधी झाले होते, हेही तिने लिहिले आहे. आणि आपल्या जिवावर उदार होऊन हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांस वाचविले, हेही.

हे सर्व आमच्या मुक्तिसंग्रामाच्या वाङ्मयात किती आहे? अपवाद सोडले तर नाही. सतरा तारखेस ध्वज चढतो आणि ग्रंथ मिटतो. आम्हांस कोणी म्हणेल, आनंदाच्या दिवशी हे कशाला? रझाकारांनी आरंभ केला, मग सूड हा मनुष्यस्वभाव नव्हे काय? मनुष्यस्वभाव आहे, हे खरे. म्हणूनच तर वाङ्मयाने त्याची नोंद घ्यावी. ज्या लातुरातील कच्छी व्यापाऱ्याने कोणाच्या परवानगीचा कागद कधी अडविला नव्हता, त्याने रझवीचे कर्ज का फेडावे, या प्रश्नास उत्तर दिल्यावाचून आमचे पुस्तक पुरे होत नाही. हा प्रश्न टाळल्याने लढ्यास बट्टा लागत नाही असे ज्यांस वाटते, ते लढ्याचीच किंमत कमी करतात. कारण स्वामीजी ज्या नागरिकत्वासाठी लढले, ते सर्वांचे असेल तरच त्यास अर्थ आहे.

येथे मिल्टनकडे पुन्हा एकवार वळणे प्राप्त आहे. परवान्याविरुद्ध एवढे ओजस्वी लिहिणाऱ्या त्या कवीने आपल्या त्याच निबंधात रोमन कॅथलिकांस मात्र या स्वातंत्र्यातून वगळले होते. आणि पुढे सातच वर्षांनी, आपल्या पक्षाचे राज्य आल्यावर, एका वृत्तपत्रास परवाना देण्याचे काम त्याने स्वतः पत्करले! आम्ही हे मिल्टनची टवाळी म्हणून सांगत नाही. परवानगी मागून जे थकले, त्यांस सत्ता हाती येताच परवानगी देण्याचा मोह किती सहज होतो, याचे इतके उघडे उदाहरण दुसरे सापडावयाचे नाही. आमच्या राज्यघटनेने सभेचे व धर्माचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनेही ठेविली आहेत. बंधन वाजवी की अवाजवी, हे विचारावयास आता न्यायालय आहे. एवढा एक फरक आमच्या पूर्वजांनी मिळवून दिला. परंतु दुसऱ्याच्या उत्सवास, दुसऱ्याच्या शाळेस, दुसऱ्याच्या सभेस परवानगी कशास द्यावी, असे जेव्हा आपल्या मनात येते, तेव्हा त्या क्षणापुरते आपण गश्ती निशाण ५३ च्या बाजूने बोलत असतो. मग आपला धर्म कोणताही असो.

तेव्हा पुढे जो कोणी या विषयावर लिहील, त्याच्याकडून आमच्या दोन अपेक्षा आहेत. पहिली अशी की, त्याने बंदुकीइतकेच लक्ष कागदाकडे द्यावे. निजामाच्या दफ्तरातील ते अर्ज, शेरे आणि नकार हैदराबादच्या अभिलेखागारात उर्दू लिपीत पडून आहेत. ते वाचू शकणारी मराठी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. पगडींसारखा मनुष्य वारंवार जन्मास येत नाही. आमच्या विद्यापीठांतून मराठीच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने उर्दू शिकावी, यात जर कोणास कमीपणा वाटत असेल, तर आपल्याच आजोबांची कैफियत आपणांस वाचता येत नाही, हा कमीपणा त्याहून मोठा आहे. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या माळ्यांवरही असे कागद असतील. दिवाळीच्या सफाईत ते रद्दीत जाण्यापूर्वी कोणास तरी दाखवावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

दुसरी अपेक्षा अशी की, त्याने सतरा तारखेस ग्रंथ मिटू नये. अठरा तारीख उजाडते; तीही त्याच लातूरची, त्याच नांदेडची आणि आमचीच आहे. त्या दिवशी कोणी शेजाऱ्याचे घर पेटविले आणि कोणी शेजाऱ्यास आपल्या घरात लपविले. दोघांचेही वंशज आज एकाच शाळेत ध्वजास वंदन करतात. ज्या वाङ्मयात या दोघांस जागा असेल, तेच मुक्तिसंग्रामाचे खरे वाङ्मय होईल.

आमच्या आजीने रझाकार पाहिले होते. त्यांच्याविषयी ती फारसे बोलत नसे. विचारले तर विषय बदलीत असे. बोले ती त्या इजाजतीविषयी, आणि तेही हसून. तिला हसू येऊ शकले, एवढे स्वातंत्र्य तिच्या वाट्यास आले. परंतु थाळी वाजविणाऱ्या नातवंडांत कोण कोणाचे हे न विचारता तिने सर्वांच्या हातावर सारखाच खाऊ ठेविला. आमच्या वर्गातील मुलांस या वर्षी आम्ही पुन्हा तोच निबंध घालणार आहो. मात्र या खेपेस प्रथम घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून या, असे सांगणार आहो.